बाबलतात्यांचं बिनपंख्याचं कार्ड

बाबलतात्या तांडेल माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते कॉम्प्युटर मासळीच्या पाटीत घालून. दुपारची वेळ, कट्टा गावचा बाजार पेंगुळलेला, कॉम्प्युटर क्लासची पोरं घरी गेलेली आणि मी डबा उघडायच्या बेतात. तेवढ्यात दारात ही मोठी पाटी टेकली. वर पोत्याचं कापड, कापडाखाली कॅबिनेट आणि दुकानभर बांगड्यांचा वास. मी पहिल्यापासून तोंडाने फटकळ. गिऱ्हाईक असो की सासरा, माझ्या जिभेला फरक कळत नाही.

"तात्यानू, ह्या काय हाडल्यात? कॉम्प्युटर काय बांगडे?"

"बांगडे सुनेकडे, बाजारात आसत," तात्या म्हणाले. "पाटी तिची जुनी. उचलूक बरी पडता. तू आदी जेव. मी वायच थांबतंय."

आणि खरंच थांबले. चपला बाहेर, हात मागे, पाठ भिंतीला. बसा म्हटलं तर बसले नाहीत. समोर कोणी असं उभं राहिलं की माझा घास घशात अडकतो. शेवटी अर्धा डबा तसाच झाकून ठेवला आणि मनातल्या मनात त्यांना चार शिव्या हासडून हात धुतले.

'वायच थांब' हा तात्यांचा आवडता शब्द. जरा थांब. एसटीत चढणाऱ्याला, चहा फुंकून पिणाऱ्याला, भांडायला उठलेल्याला, सगळ्यांना हेच एक औषध. घाई करणाऱ्या माणसाला त्यांच्या लेखी अक्कलच नव्हती. अंगाने उंच, उन्हाने करपलेले, खांद्यावर पंचा. उभा जन्म होडीवरून ओरडण्यात गेलेला, म्हणून की काय, चार भिंतींत बोलताना मुद्दाम आवाज खाली ठेवायचे आणि त्यामुळे समोरचा जास्तच घाबरायचा. त्यांच्या वाडीत त्यांचा शब्द मोडायची कोणाची छाती नव्हती. प्रेमळ वगैरे म्हातारा मुळीच नव्हता तो. हेकट होता, तापट होता आणि आपलं चुकतं असं त्याला आयुष्यात कोणी सांगितलेलं नव्हतं.

हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

तात्यांची वाडी खाडीच्या तोंडाशी. तिथे पाण्याखाली वाळू साठून उंचवटा होतो. समुद्र खवळलेला असला की लाट त्या वाळूवर येऊन फुटते. बाहेरून येणाऱ्या होडीला पुढच्या लाटेची नुसती पाठ दिसते, ती कुठे फुटणार ते दिसत नाही. म्हणून किनाऱ्यावर एक जाणता माणूस उभा राहतो. मोठ्या लाटा निघून गेल्या आणि मधली उसंत आली की तो हात वर करून झटक्यात खाली आणतो. तो हात पाहिला की होडीवाला इंजिन पूर्ण वेगात सोडतो आणि जीव मुठीत धरून आत येतो. वाडीत याला 'हात करणं' म्हणत. तात्यांनी स्वतः समुद्र सोडला तेव्हापासून हात करायचा मान त्यांचा. "हात केल्यार येवचा. नाय केल्यार थंयच ऱ्हवाचा," हा त्यांचा कायदा, आणि तो सगळ्या होड्यांना लागू. मुलाच्या होडीलाही.

मुलगा संदेश. माझ्या क्लासला होता. हसरा, वर्गात मागे बसून पेन चावणारा, पण एकदा दाखवलेलं न विसरणारा. क्लास संपल्यावर त्याने माझ्याकडूनच एक जुना कॉम्प्युटर नेला. मुंबईच्या कोणा मित्राकडून जहाज चालवायचा एक खेळ कॉपी करून आणला आणि रविवारी मला सांगायचा, "बाई, बंदरात लावली बोट. आमच्या तात्यांचा हात नसताना लावली!" शहाण्यासारखं प्रमाण मराठीत बोलायचा माझ्याशी. क्लासमध्ये सगळेच तसं बोलायचे.

नारळी पौर्णिमा होऊन थोडेच दिवस झाले होते. संदेशची होडी बाहेर उभी होती, तात्या वाळूवर. तात्यांनी हात केला, संदेश निघाला आणि मागून आलेल्या लाटेने होडी उचलली. उचललेल्या होडीचा पंखा पाण्याबाहेर आला की इंजिन मोकळं सुटतं. त्याचा आवाज चढत चढत किंचाळण्यापर्यंत जातो. तो तसा गेला आणि मग एकदम बंद झाला. होडीवरचे दोघे पोहून आले. संदेश दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला, किनाऱ्याला बराच खाली. त्याची बायको शैला तेव्हा घरात चुलीपाशी होती. तिने काही पाहिलं नाही, ऐकलं मात्र सगळं.

मी बाराव्याला गेले होते. सगळे एकच बोलत होते: दर्याचो खेळ, त्याची वेळ भरली, कोणाच्या हातात काय आसा? तात्या ओसरीवर उभे राहून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. मला तेव्हा वाटलं, माणूस दगड झालाय. तो दगड झाला नव्हता. कोणी काही वेगळं बोलतंय का, याची वाट बघत होता.

तर तो कॉम्प्युटर आता पाटीतून माझ्या टेबलावर आला होता. मी चालू केला. तात्यांनी एका बोटाने, न चुकता, संदेशचा तो खेळ उघडला. पडद्यावर निळं पाणी आलं आणि त्यावर एक बोट.

"बघ," तात्या म्हणाले. "ह्यो समुद्र? ही फरशी आसा, बाय. होडी हेच्यार सरकता, हलना नाय. माका लाट होयी. खाडीच्या तोंडार येता तशी."

मी सांगितलं की जुन्या मशिनीत चित्र काढायला वेगळं कार्ड नाही, म्हणून खेळ समुद्र सपाट करून टाकतो. लाटा हव्या तर ग्राफिक्स कार्ड बसवावं लागेल, आणि साधं नाही, दणकट. त्याला पेलणारा मदरबोर्डही लागेल. म्हणजे नवीनच मशीन.

"घाल. पण आवाज नको."

"म्हंजे?"

"अजिबात आवाज नको."

मला हसू आलं. "तात्यानू, ताकद होयी तर मशीन तापतला. तापला म्हंजे पंखो इलो. पंखो इलो म्हंजे आवाज इलो. तो नको तर भिताडार समुद्राचा चित्र लावा."

तात्या हसले नाहीत. खालच्या आवाजात त्यांनी सांगितलं ते असं. संदेश गेल्यावर कॉम्प्युटर झाकून ठेवला होता. एक दिवस त्यांनी तो लावला, खेळ उघडला. मशीन तापली, पंख्याचा आवाज चढत गेला. बंद केल्यावर एकदम गप्प झाला. पलीकडच्या खोलीत शैलाच्या हातातलं पेजेचं भांडं सांडलं. ती ओरडली नाही, रडली नाही. भिंतीला धरून उभी राहिली. "तसोच आवाज," तात्या म्हणाले. "चढता, आनी मगे नाय."

माझं हसू जागच्या जागी मेलं. "मगे कित्याक खेळतास ह्या?" मी विचारलं, जरा रागानेच. "झाकून ठेवा. नायतर माका परत द्या."

"माका बघूचा आसा, माजो हात चुकलो काय नाय."

"तात्यानू, खेळ आसा तो."

"म्हणान तर," ते म्हणाले. "माणसा माका भियातत. बाराव्याक एक तरी बोललो? जे दोघे पोवान इले ते माका बघून वाट बदलतत. घरात सून माज्याशी बोलना नाय. मी खंय विचारू? ह्या मशीन माका भियाचा नाय. ह्या खरा सांगतला."

मी कागद ओढून नव्या मशिनीचा हिशोब मांडायला घेतला.

तो दोन हजार सात-आठचा काळ. मालवण-कणकवलीकडे कार्डं मिळत ती कामचलाऊ. चांगलं काही हवं तर मुंबईहून मागवायचं, नाहीतर सीमेवरच्या बांद्यावरून गोव्यात उतरायचं. मागवलेल्या मालाला आवाज किती ते बघता येत नाही, म्हणून तात्यांनी गोवा ठरवला. "ऐकल्याशिवाय घेवचा नाय." मला सोबत नेलं. दुकान बंद ठेवून मी का गेले, देव जाणे. नवऱ्याने विचारलं तेव्हा सांगितलं, माल बघायला.

पणजीच्या त्या दुकानात तात्यांनी जो तमाशा केला तो आठवला की आजही मला लाज वाटते आणि हसूही येतं. दुकानदाराने टेबलावर उघडी मशीन लावली आणि एक एक कार्ड बसवून दाखवायला लागला. तात्या वाकले, डोळे मिटले आणि कान कार्डाजवळ नेला. मग उठून म्हणाले, "वरचो पंखो बंद करा." छताचा पंखा बंद झाला. "तो गारव्याचो पण." एसी बंद झाला. मग त्यांनी रस्त्याकडचं दार लावून घेतलं.

"तुमी कितें करतात?" दुकानदार ओरडला. आत दोन कॉलेजची पोरं होती, ती घामाने निथळत एकमेकांकडे बघत होती. कोणी हसलं मात्र नाही. तात्यांनी नुसता हात वर केला आणि सगळं दुकान चिडीचूप झालं.

पहिलं कार्ड सगळ्यात दांडगं. दोन खणांची जागा खाणारं, वर मोठा पंखा. दुकानदार त्याची तारीफ करताना थकत नव्हता. "ह्या घोरता," तात्या म्हणाले. दुसरं मधल्या ताकदीचं, त्यावर चिमुकला पंखा. आधी गप्प होतं. मग दुकानदाराने खेळ लावला, कार्ड तापलं आणि तो इवलासा पंखा बारीक, चिरका आवाज काढत चढायला लागला. तात्या झटक्यात सरळ झाले. "काढ ह्या. काढ. काढ!" इतक्या मोठ्याने की बाहेरचा पानवाला डोकावून गेला. मी तात्यांचा दंड धरला.

तिसरं कार्ड दुकानदाराने मागच्या कपाटातून काढलं, नाइलाजाने. त्याला पंखाच नव्हता. तांब्याच्या जाड नळ्या आणि त्यांना ओवलेले पातळ पत्रे, एवढंच. उष्णता नळ्यांतून पत्र्यांत जाते, पत्र्यांतून हवेत. ताकद पहिल्याइतकी नाही, पण संदेशच्या खेळाला भरपूर. मी पुढचा विचार केला: कॅबिनेट ऐसपैस, मागे एकच मोठा पंखा, मोठा असल्यामुळे हळू फिरणारा, आणि वीज पुरवणारा एसएमपीएस चांगल्यातला, म्हणजे तोही कुजबुजल्याएवढाच. मी खेळ लावला. पडद्यावर समुद्र उठला. खरंच उठला. तात्या कान लावून वाकले ते वाकलेच. शेवटी दुकानदारालाच राहवेना, "आजोबा, बरे मूं?"

"काय ऐकाक येणा नाय," तात्या म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं, हे मी विचारलं नाही.

परतताना बांद्याला एसटी बराच वेळ उभी होती. कार्डाचा खोका मांडीवर घेऊन तात्या खिडकीबाहेर बघत बसले होते. समोर कसला तरी टेम्पो हॉर्न वाजवत होता. तात्या अचानक बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

"त्या दिवशी बर्फाचो टेम्पो उभो होतो. डायवर हॉर्न मारी होतो. लवकर करा, लवकर करा. माजी नदर एकदा थंय गेली. मगे मी हात केलंय." मग म्हणाले, "हॉर्न नसतो तर माजो हात थांबलो असतो काय? ताच माका कळना नाय, बाय. सगळ्यांका थांब थांब सांगणारो मी."

एरवी मी त्यांना पोटभर सुनावलं असतं. त्या दिवशी मी नुसता त्यांच्या मांडीवरून घसरणारा खोका सावरला.

मशीन मी त्यांच्या घरी जाऊन लावली. चिऱ्याचं घर, पुढे नारळ, मागे वाळू, वाळूपलीकडे ते तोंड. मशीन समुद्राकडच्या खोलीत. शैला स्वयंपाकघरात होती. बाजारात माझ्याशी भाव करताना खणखणीत बोलणारी शैला घरात जवळजवळ मुकी. सासऱ्याला जेवायला बोलवायचं तर चुलीकडे तोंड करून म्हणायची, "जेवाण वाढलेला आसा." तात्या जाऊन जेवायचे. त्यांनी काही मागितलं तर ती ते पुढे सरकवायची. तिरस्कार म्हणावा तर तसंही नव्हतं. तापात त्यांच्या उशाशी बसायची, त्यांचे पंचे धुवायची. फक्त त्यांना उद्देशून एक शब्द नाही, त्या दिवसापासून. हे माझ्या मते शिव्या देण्याहून वाईट. मी असते तर भांडून मोकळी झाले असते.

त्या काळात लोडशेडिंग जोरात. वीज गेली की यूपीएस टी-टी करून घर डोक्यावर घ्यायचा. तात्यांनी माझ्याकडून त्याचा भोंगा काढून घेतला. मी बजावलं, "वीज गेल्याचा कळाचा नाय, मशीन धाडकन बंद पडात." म्हणाले, "पडांदे." सगळं लावून झाल्यावर ते पलीकडच्या खोलीत जाऊन उभे राहिले आणि मला खेळ चालू करायला लावला. शैला भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. तात्या तिच्या हातांकडे बघत होते. परत आले तेव्हा इतकंच म्हणाले, "बरा झाला." शाबासकी म्हणून घरी जाताना मला एक मोठी सुरमई मिळाली. मी बाहेरून नको नको म्हटलं आणि आतून खूश झाले.

पुढचा पावसाळा संपत आला तेव्हा शैला बाजारातून थेट माझ्या दुकानात आली. "बाई, तुमच्या मशिनीतून धूर येता. जळक्या तेलाचो वास येता. येवन बघा."

गेले. कॅबिनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. कार्डाचे ते पातळ पत्रे, त्या तांब्याच्या नळ्या, सगळ्यावर काळं ग्रीस बोटाने चोपडलेलं! पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की इंजिन सोडवतात, खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून त्याला ग्रीस फासतात आणि पोत्यात बांधून माळ्यावर ठेवतात. तात्यांनी मशिनीलाही तेच केलं होतं. मृग लागल्यावर ग्रीस फासलं, पोत्यात गुंडाळलं आणि श्रावणात सोडून चालू केलं.

"तात्यानू! अहो, हे पत्रे हवा लागूक आसत! तुमी तेंचो गळो दाबल्यात!"

"खारो वारो लोखंड खाता," तात्या ठासून म्हणाले. "चाळीस वर्सां इंजिनाक लावतंय."

"ह्या इंजिन नाय!"

"मगे तापता कित्याक?"

आता या माणसापुढे डोकं कुठे आपटायचं? अर्धा दिवस बसून जुन्या ब्रशने आणि पेट्रोलने एकेक पत्रा पुसला. नशीब, कार्ड मेलं नव्हतं. तपासायला म्हणून मी खेळ चालू केला आणि तात्यांना म्हटलं, चालवून दाखवा.

तेव्हा मी त्यांचा खेळ पहिल्यांदा नीट पाहिला. वादळ पूर्ण वाढवलेलं. कुठलंसं परदेशी बंदर, दगडी बांधांच्या मधली चिंचोळी वाट. ती वाट म्हणजे त्यांच्या लेखी आपल्या खाडीचं तोंड. छोटी बोट बाहेर उभी. तात्या उजवा हात वर करत, लाटा बघत, हात खाली आणत आणि डाव्या हाताने कीबोर्डवरची की दाबत. बोट वर जाई, खाली येई, आडवी झोपे आणि आत येई. पुन्हा बाहेर नेत. या वेळी मुद्दाम भलत्याच वेळी हात करत, मोठ्या लाटेच्या तोंडावर. बोट झोपे, उठे आणि आत येई.

"रोज असाच?" मी विचारलं.

"रोज. कसोय हात कर, येताच." त्यांच्या आवाजात आशा होती, आणि मला तीच बघवेना. "म्हंजे हात चुकलो तरी संदेश येवक होयो होतो. नाय? म्हंजे माज्या हातान नाय झाला. दुसराच काय तरी झाला."

मला खरं माहीत होतं. आणि हा माणूस माझ्याकडे आला होता तो खऱ्यासाठीच. म्हणून सांगितलं. माझा आवाज मला परका वाटत होता.

"तात्यानू, ह्या खेळात बोट लाटेन बुडना नाय. बुडूची सोयच नाय केलेली. बांधाक आपटली तर फुटात, पण लाट तिका काय करूची नाय. तुमी कितीय चुकलात तरी ती येतली."

तात्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. बोट आत येऊन उभी होती, पाण्यावर डुलत.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "ह्या पण माका भियाता."

त्यांनी मशीन बंद केली, पोत्याचं कापड घेतलं आणि ती झाकली. मला चहा विचारायलाही विसरले. परतीच्या एसटीत मी स्वतःवर, त्यांच्यावर, त्या खेळ करणाऱ्या परक्या माणसांवर आणि बर्फाच्या टेम्पोवर सारखीच चिडले होते. एवढी सगळी धडपड करून त्या घरात मी आणखी एक खुशमस्कऱ्या नेऊन ठेवला होता. रडूही आलं. शेजारची बाई विचारायला लागली तेव्हा डोळ्यात केर गेल्याचं सांगितलं.

त्यानंतर तात्या कट्ट्याला फारसे आले नाहीत. वाडीतल्या कोणाकडून कळायचं की आता ते हात करत नाहीत, पोरं मोबाइलवर एकमेकांना विचारून येतात, म्हातारा मात्र होड्या यायच्या वेळी वाळूवर जातो आणि हात मागे बांधून उभा राहतो. हातांना कंप सुटला होता म्हणे. पुढच्या वर्षीच्या थंडीत ते गेले. छातीत कळ आली आणि मालवणला नेईपर्यंत संपलं. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. शैलाने मला आत बोलावून पाणी दिलं.

पण मला तात्या आठवतात ते ग्रीस प्रकरणानंतर वर्षाने, ते जाण्याआधीच्या पावसाळ्याच्या शेवटी दिसले तसे. मी मालवणला कामाला गेले होते. वाटेत उतरून मशीन एकदा बघून यावी म्हटलं, नाहीतर पुन्हा कोणी ग्रीस फासायचं. दार उघडं होतं. हाक मारणार तोच समुद्राकडच्या खोलीत दोघं दिसली आणि मी उंबऱ्याबाहेरच थांबले.

पोत्याचं कापड खाली पडलं होतं. खुर्चीवर शैला बसली होती, बाजाराचं लुगडं तसंच, बोटं कीबोर्डवर. कोणी कोणाला बोलावलं, कसं झालं, किती दिवस चाललं होतं, मला ठाऊक नाही. मी कधी विचारलंही नाही. तात्या पडद्याच्या बाजूला, तिच्या समोर उभे होते, वाळूवर उभे राहायचे तसे. पडद्यावर वादळ पूर्ण वाढवलेलं. मशिनीचा आवाज अगदी नव्हता.

तात्यांनी हात वर केला. एक लाट गेली, त्यामागून दुसरी. तात्यांनी हात खाली आणला.

शैला हलली नाही. तिच्या जागी वाडीतलं कोणीही असतं तर तो हात बघून निघालं असतं. संदेश निघाला होता. ती पडद्याकडे बघत बसून राहिली. तात्यांचा हात खाली आलेला, ती तशीच. मागून एक लाट आली, सगळ्यांत मोठी. ती दोन बांधांच्या मधून फेस उधळत निघून गेली. मग पाणी जरा शांत झालं आणि तेव्हा शैलाने की दाबली. बोट फारशी न हलता आत आली.

शैलाने मान वर करून सासऱ्याच्या तोंडाकडे बघितलं.

"तात्यानू, तुमी वायच आदी हात केल्यात," ती म्हणाली. "त्या दिवशीय."

"होय," तात्या म्हणाले. "त्या दिवशीय."